प्रणयला वास येतो

प्रणयचं नाव कुणी ठेवलं, हा मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरात कायमचा वाद होता. आई मुक्ताबाई म्हणायची, बापानं ठेवलं. बाप सखाराम म्हणायचा, छे, आईनं. बारशाच्या वेळी दोघंही हौसेनं पुढं होते. पण पोरगं पस्तिशी ओलांडून गेलं, घरात नावापुरताच प्रणय उरला, आणि दोघंही हळूच मागं सरकले.

तसं पोरात खोट काढायला जागा नव्हती. विद्यापीठातून रसायनशास्त्राची एम.एस्सी. केलेली, उंची बरी, बोलणं मऊ, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. आईच्या हाताखाली भाकरीचं पीठ मळायचा. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर ओळख नसताना धक्का मारायचा. नोकरीही होती. फक्त त्याला वास यायचा.

वास नोकरीचाच होता. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या एका बिस्किटांच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये तनुजा मॅडम नावाच्या बाईंनी छोटीशी कंपनी काढली होती. तिथं प्रणय गंधकापासून भिंगं बनवायचा.

भिंग म्हटलं की माणसाला चष्मा आठवतो. ही भिंगं तसली नव्हती. चुलीतून, म्हशीच्या पाठीतून, माणसाच्या कपाळातून, म्हणजे ऊब असलेल्या प्रत्येक गोष्टीतून एक उजेड सारखा बाहेर पडत असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. इन्फ्रारेड म्हणतात त्याला. तो बघणारे कॅमेरे असतात, पण साधी काच त्या उजेडाला भिंतीसारखी आडवी येते. म्हणून त्या कॅमेऱ्यांना जर्मेनियम नावाच्या पदार्थाची भिंगं बसवतात. ती दगडासारखी जड, आणि भाव असा की ऐकून माणूस खाली बसावा. गंधक मात्र तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांबाहेर पिवळ्या टेकड्यांसारखा पडून असतो. तो वितळवायचा, त्यात दुसरं एक रसायन मिसळायचं, साच्यात ओतून भट्टीत ठेवायचं, की कोऱ्या चहासारखं लाल, बाटलीच्या झाकणाइतकं हलकं भिंग हातात येतं. साधा उजेड त्यातून धड जात नाही, पण ऊब आरपार जाते! पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी प्रणय शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवत फिरला होता.

मध्यंतरी त्यानं त्यात मोसंबीच्या सालीचं तेल घालून पाहिलं. मोसंबीला आपल्याकडं काय तोटा! भिंग झालंही सुंदर, पण मे महिन्यात टेबलावर ठेवलेलं भिंग दुपारपर्यंत गुळाच्या ढेपेसारखं बसलं. त्या महिन्यात त्याच्या अंगाला गंधक आणि मोसंबी असा दुहेरी वास यायचा. गल्लीतल्या मुक्ताबाईच्या मैत्रिणींच्या मते तो जास्त वाईट होता.

आता भिंग कडक झालं होतं. अडत होतं ते लेपावर. भिंगावर कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ लेप चढवावा लागतो, म्हणजे उजेड परत फिरत नाही, ओरखडे पडत नाहीत, आणि गंधक आत कोंडून राहतो. लेप बसला की नाही हे पाहायची रीत साधी आहे. त्यावर चिकटपट्टी दाबून चिकटवायची आणि ओढायची. लेप भिंगावर राहिला तर पास. प्रणयचा लेप दर वेळी पट्टीबरोबर यायचा, अगदी आनंदानं.

मॅडम म्हणायच्या, "लेप काय आणि माणूस काय, जबरदस्तीनं चिकटत नाही. बघू, होईल."

तोवर वास होताच. सडक्या अंड्याचा, विझलेल्या फुलबाजीचा आणि गरम केलेल्या रबराचा, असा काहीतरी. सिटी बसमध्ये प्रणय बसला की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. गल्लीतली पोरं त्याला फटाका काका म्हणायची आणि त्यांना तो फार आवडायचा. वर्षभर दिवाळीचा वास देणारा दुसरा काका त्यांच्याकडं नव्हता. सखाराम एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. त्याच्या नाकात आयुष्यभराचं डिझेल बसलेलं, त्यामुळं त्याची काही तक्रार नव्हती.

पोरगी बघायला गेलं की मात्र पंचाईत व्हायची. सिडकोतल्या एका घरी पोह्यांची बशी हातात येते न येते, तोच मुलीचा मामा उठून ओरडला, "सिलेंडर लीक हाय! बाहेर व्हा सगळे!" रेग्युलेटर बंद केला, पंखे बंद केले, आजीला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर आणलं. प्रणयनंच आजीच्या खुर्चीची एक बाजू धरली होती. त्यामुळं झालं असं, की आजी रस्त्यावर आली तरी वास तिच्याबरोबरच आला. त्या घरून पुढं काही निरोप आला नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलगी शिंकत शिंकत आत गेली ती बाहेर आलीच नाही.

प्रणयनं नोकरी सोडावी असं मुक्ताबाई एकदाच बोलली. तो भाकरीचं पीठ मळत राहिला, इतका वेळ की भाकरी फाटायला लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. त्याऐवजी तिनं पारूमावशीला कामाला लावलं.

पारूबाई ही मुक्ताबाईची चुलतबहीण. सोयरिकी जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती एका रविवारी चप्पल दारात काढता काढताच म्हणाली, "करमाडला स्थळ हाय. आप्पासाहेबाची रूपा. पशुधनाचा डिप्लोमा केलेली, अंडी उबवायच्या केंद्रात सुपरवायझर. मोकळी ढाकळी पोरगी. शिक्षण चालू म्हणून थांबली, मग बापाचं आजारपण झालं म्हणून थांबली."

"कोंबड्यांत काम करती?" मुक्ताबाईनं विचारलं.

"व्हय. पण तिला वास येत नाय बघ."

मुक्ताबाई हातातलं सूप घेऊन उभीच राहिली. "येत नाय? अजिबात?"

"अजिबात नाय. मी जवळ बसून आले की! गळ्याशपथ."

मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं आणि पारूबाईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती आत आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता, की सखारामला वाटलं, पाण्याचा टँकर आला. "अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पोरीला वासच येत नाय. कोरोनात गेला असंल बिचारीचा. आपलं काम झालं!"

प्रणय हे ऐकून हसला. आधी थोडा, मग खूप. रात्री आडवा पडला तरी मधेच हसू फुटायचं. जगात एक अशी मुलगी आहे, की जिच्यासमोर आपण नुसते प्रणय असू! शेजारची खुर्ची रिकामी होणार नाही. त्यानं तिला पाहिलीही नव्हती, पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गंधक ढवळताना तो गुणगुणत होता, आणि लेप पुन्हा पट्टीबरोबर आला तेव्हा पट्टीलाच म्हणाला, "घे, तुला पण घे."

पुढच्या रविवारी सकाळी चौघं करमाडला गेले. निघताना प्रणय अत्तर शोधायला लागला तर आई म्हणाली, "राहू दे रे, उगं कशाला? तिथं काय गरज हाय?" त्यानं इस्तरीचा पांढरा शर्ट घातला आणि सवयीप्रमाणं खिशात कॅमेरा टाकला. इतर माणसांच्या खिशात कंगवा असतो तसा त्याच्या खिशात तो असायचा: फोनला लावायची काड्यापेटीएवढी डबी, आणि तिच्या तोंडाशी त्याचं सगळ्यात चांगलं जमलेलं लाल भिंग. लेप बसलेला नव्हता, पण ऊब दिसायची फार छान.

आप्पासाहेबांचं घर जालना रोडपासून थोडं आत होतं. पत्र्याची ऐसपैस खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली ताजी फुलं. मागच्या अंगणात कोंबड्यांचं शेड. जयभीम झाला, पाणी झालं. आप्पासाहेब उंच, किडकिडीत, सारखे हसणारे गृहस्थ. त्यांनी प्रणयला निरखून पाहिलं आणि का कुणास ठाऊक, मान डोलावून म्हणाले, "छान, छान. तब्येत ठणठणीत दिसते."

रूपा पोहे घेऊन आली. सावळी, रुंद कपाळाची, चालीत घाई. बश्या देताना तिनं सगळ्यांकडं सरळ पाहिलं, प्रणयकडंही. बशी घेताना प्रणयनं दोन शेंगदाणे खाली सांडले.

मुक्ताबाईनं तिला जवळ बसवलं. आणि आजाऱ्याशी बोलतात तसं, हळू पण मोठ्यानं बोलायला लागली. "बाई, तू काही वाईट वाटून घेऊ नको बरं का. आमच्याकडं चालतंय."

"काय चालतंय?" रूपानं विचारलं.

"फोडणी करपली न् कळालं नाय, तरी काय बिघडत नाय. मी हाय की घरात. दूध नासलेलं मी सांगत जाईन."

रूपानं बापाकडं पाहिलं. बापानं पारूबाईकडं पाहिलं. पारूबाई पोहे खात होती.

"फोडणी माझी करपत नाही," रूपा म्हणाली. मग ती थांबली. तिच्या नाकपुड्या हलल्या. मान एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं. "आप्पा," ती एकदम वेगळ्या, कामावरच्या आवाजात म्हणाली, "घरात अंडं सडलंय."

ही गोष्ट तिच्या दृष्टीनं साधी नव्हती. उबवणी केंद्रात रूपाचं नाक प्रसिद्ध होतं. अंड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात एखादं नासलं, तर दार उघडायच्या आत ती ओळखायची. तसं अंडं फुटलं की आजूबाजूची सगळी वाया जातात. त्यामुळं पाहुणे बसलेत, आपल्याला बघायला आलेत, हे ती विसरलीच. पदर खोचून तिनं कॉटखाली पाहिलं. टीव्हीच्या मागं पाहिलं. "पाय वर घ्या हो," असं सखारामला म्हणाली, आणि सखारामनं निमूट पाय वर घेतले. ती तांदळाच्या कोठीकडं गेली, परतली, दाराशी गेली, परतली. दर फेरीला ती प्रणयच्या खुर्चीच्या जरा जास्त जवळ यायची. प्रणय बशी छातीशी धरून बसला होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं, आणि पळायला जागा नव्हती.

शेवटी ती त्याच्यासमोर थांबली.

"तुमच्या खिशात अंडं आहे का?"

"नाही," प्रणय म्हणाला. "भिंग आहे."

मुक्ताबाई ताडकन उठली. "पारू! हिला तर वास येत नाय म्हणलीस ना?"

"आमच्या रूपाला?" आप्पासाहेब म्हणाले. "अहो, शेजारच्या वस्तीवर कुणाचा चहा उतू गेला तर ही इथून सांगते!"

पारूबाईच्या तोंडात घास होता. तो तिनं घाईघाईनं गिळला. "मी म्हणलं, कोंबड्यांत राहून बी पोरीच्या अंगाला वास येत नाय! त्ये खोटं हाय का? घ्या की वास!"

"आन् मला काय सांगितलं होतंस?" आप्पासाहेब आता खुर्चीच्या टोकावर आले होते. "पोरगा गुणाचा हाय, फक्त त्याला वास येतो, म्हणालीस."

"मग येतोच की! बसलाय समोर!"

"मी म्हणलं, येऊ दे! वास आल्याबिगर माणूस कसला? आमच्या साडूचा कोरोनात गेला तो अजून आला नाय, म्हणून मी तर खूश झालो!"

मग सखाराम, पाय अजून वरच घेतलेला सखाराम, हसायला लागला. तो क्वचित हसायचा, पण लागला की थांबायचा नाही. त्याच्या पाठोपाठ आप्पासाहेब. पारूबाईला ठसका लागला. रूपा तोंडावर हात धरून भिंतीला टेकली आणि तिचे खांदे हलायला लागले.

प्रणयला मात्र हसू येईना. आठवडाभर ज्या मुलीच्या भरवशावर तो गुणगुणत होता, ती इथं नव्हतीच. इथं जिल्ह्यातलं सगळ्यात तिखट नाक होतं. आणि गंमत अशी, की पाय वर घ्या म्हणणारी हीच मुलगी त्याला आता हवी होती, ती दुसरी, वास न येणारी, नको होती. त्यानं बशी खाली ठेवली. "निघतो आम्ही," तो म्हणाला. "चुकीच्या समजुतीनं आलो. तुम्हाला उगीच त्रास."

"थांबा," रूपा डोळे पुसत म्हणाली. "भिंग कसलं ते तर सांगा. कोण खिशात भिंग घेऊन मुलगी बघायला येतं?"

त्यानं डबी काढली. लाल भिंग दारातल्या उन्हात धरलं. पहिलं वाक्य अडखळत आलं, दुसरं नीट आलं, आणि तिसऱ्यापासून तो थांबेचना. गंधकाच्या टेकड्या, मोसंबीचं तेल, गुळाची ढेप, पट्टीबरोबर जाणारा लेप. "हे स्वस्त झालं ना," तो म्हणाला, "तर असा कॅमेरा कुणाच्याही खिशात राहील. गोठ्यात, शेडमध्ये. कुठल्या जनावराला ताप आहे, ते नुसतं बघून कळेल."

"कोंबडीच्या पिल्लाचं कळेल?"

"कळायला पाहिजे. मी कधी बघितलं नाही."

"आप्पा, पिल्लं दाखवून आणू यांना?"

"दाखव की," आप्पासाहेब म्हणाले. मुक्ताबाई मागोमाग उठायला लागली, तर सखारामनं तिच्या पदराचं टोक धरून तिला खाली बसवलं.

शेडच्या कोपऱ्यात पत्र्याच्या गोल कुंपणात, बल्बाखाली, पिल्लं होती. प्रणयनं कॅमेरा फोनला लावला आणि फोन तिच्या हातात दिला. रूपानं पाहिलं आणि एकदम "अय्या!" म्हणाली. पडद्यावर अंधाऱ्या जमिनीवर पिल्लं पांढरीशुभ्र चमकत होती, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. उड्या मारत होती, एकमेकांत मिसळत होती.

"गरम ते पांढरं, गार ते काळं," प्रणय म्हणाला.

"मग ते काय?" कुंपणाच्या कडेला एक लाही करड्या रंगाची होती. रूपानं फोन त्याच्याकडं दिला, वाकून ते पिल्लू उचललं आणि दोन्ही तळव्यांत धरलं. "गारठलंय. नुसत्या डोळ्यांनी संध्याकाळपर्यंत कळलं नसतं." तिनं त्याच्यावर हळू फुंकर घातली आणि थोड्या वेळानं ते बल्बाखाली सोडलं. मग पदराला हात पुसून तिनं फोन परत मागितला आणि तो सरळ प्रणयच्या तोंडावर धरला.

"हे काय! तोंड सगळं उजळ, आणि नाक काळं ठिक्कर!"

प्रणयनं नाकाला हात लावला. "घाबरलं की होतं तसं. रक्त नाकाकडून मागं जातं. नाक गार पडतं."

"तुम्ही घाबरलात? मला?"

"तुमच्या नाकाला."

ती हसली. पडद्यावरून नजर मात्र काढली नाही. "हा वास कधी जाणार?"

खोटं बोलायची ही वेळ होती, आणि प्रणयला ते समजत होतं. "लेप बसला की भिंगाचा जाईल," तो म्हणाला. "माझा नाही जायचा. काम करतोय तोवर राहील."

"आणि काम सोडणार नाही."

"नाही."

"मी पण नाही सोडणार," रूपा म्हणाली. "माझ्या अंगाला कोंबड्यांचा येतो. पारूमावशीला काय, सर्दी झाली होती त्या दिवशी. खरं सांगा, येतो ना?"

प्रणय गोंधळला. "मला कसं कळणार? माझं नाक गंधकानं केव्हाच गेलंय. मला वास येत नाही."

रूपा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला ते उलगडलं, आणि ती एवढ्या जोरात हसली की पिल्लं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला पळाली. "म्हणजे ते तुम्ही! तुमच्या आई ज्याला शोधत होत्या, ते घरातच बसलेलं होतं!"

आता मात्र प्रणयला हसू आवरेना. सिडकोची आजी, खुर्ची, रस्त्यावरचा मामा, सगळं त्यानं सांगितलं. सांगताना तोही हसत होता, तीही. फोन तिच्या हातात हलत होता.

"नाक पांढरं व्हायला लागलं तुमचं," ती म्हणाली. मग तिनं फोन उलटा करून त्याच्या हातात दिला. "आता माझं बघा."

प्रणयनं पाहिलं. कपाळ उजळ, गाल उजळ, डोळ्यांच्या कडा तर दिव्यासारख्या. मधोमध नाक मात्र काळं, कोळशासारखं काळं.

त्यानं फोन खाली घेतला. ती जमिनीकडं बघत होती.

"तुम्ही का घाबरलात?" त्यानं विचारलं.

"कळतंय की तुम्हाला. एम.एस्सी. ना?"

दोघं आत आले तेव्हा चहा झाला होता आणि मुक्ताबाईनं तो घेतला नव्हता. ती पोराच्या तोंडाकडं बघत होती, सिलेंडरचा मामा ओरडल्यापासून जशी प्रत्येक वेळी बघायची तशी.

"काय झालं रं?"

"आई, तिला वास येतो," प्रणय म्हणाला.

"त्ये कळलं आता सगळ्या करमाडला! मग?"

प्रणयनं रूपाकडं पाहिलं. रूपा बश्या उचलत होती. तिनं मान वर केली नाही, पण त्याच्या खुर्चीशेजारची रिकामी खुर्ची पायानं जरा जवळ ओढली आणि बश्या मांडीवर घेऊन तिथं बसली.

"मग काय," ती म्हणाली. "येऊ दे."